ईम

ईम : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील एक खेडे. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, चुनखडीचे पठार आणि वालुकाश्माची कड यांच्या सांध्यावर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे १,०००. शिशाच्या खाणी हा येथील जुना व्यवसाय. तो आता संपला आहे. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये गावाने आपल्या सीमा स्वतःहून बंद केल्या, या हकिकतीमुळे ईम प्रसिद्ध आहे. पर्यटक गाव बहुधा वाटाड्याविना, छापील पत्रक, घरांवरील हिरव्या पाट्या किंवा कानाला लावलेले ध्वनिमुद्रित निवेदन यांच्या आधारे पायी पाहतात.

साथीचा उगम : रूढ हकिकत अशी की, ऑगस्ट १६६५ च्या अखेरीस अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचे गाठोडे आले. कापड दमट असल्याने जॉर्ज व्हिकर्स या मदतनिसाने ते विस्तवापुढे वाळत घातले आणि त्यातील पिसवा त्याला चावल्या. ७ सप्टेंबर रोजी त्याचे दफन झाल्याची नोंद आहे. तथापि उपलब्ध दफननोंदवही मूळ नसून सुमारे १७०५ मध्ये केलेली प्रत मानली जाते. शिवाय पिसवांचा तपशील समकालीन असू शकत नाही. प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने मुंबई-कराचीच्या साथीत काम करताना, १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगाने दाखवले. म्हणजे गाठोड्याच्या जुन्या कथेत पिसवा मागाहून शिरल्या. ऑगस्टच्या उत्तरार्धातील जत्रेला बाहेरगावचे लोक येत, त्यांच्याबरोबर रोग आला असावा असाही एक तर्क आहे. गाठोड्याची कथा टाकून द्यावी इतका पुरावा मात्र त्या बाजूलाही नाही.

रोगाच्या स्वरूपाबद्दलही वाद झाला. हिवाळ्यात साथ मंदावली तरी थांबली नाही आणि १६६६ च्या उन्हाळ्यात उसळली. एकट्या ऑगस्टमध्ये ७८ माणसे दगावली. या चढउतारामुळे हा गाठीचा प्लेग नसून दुसराच रोग असावा, असे काहींनी सुचवले. लंडनच्या १६६५ च्या सामूहिक दफनभूमीतील सांगाड्यांत प्लेगच्या जीवाणूचा डीएनए २०१६ मध्ये सापडल्यापासून हे मत मागे पडले आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सांख्यिकीय विश्लेषणानुसार ईममधील सुमारे तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला झाले, उंदरांकडून नव्हेत. साथीच्या गणितात ईम आणि मुंबई हे जोडीचे नमुने आहेत : केरमॅक व मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये साथीच्या प्रसाराचे आपले गणिती प्रतिमान मुंबईच्या १९०५-०६ मधील प्लेगमृत्यूंना लावून पाहिले, रॅगेट यांनी १९८२ मध्ये तोच मार्ग ईमसाठी वापरला.

मृतांची संख्या : धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याच्या नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात ७६ कुटुंबांतील २५९ मृत्यू सांगितले आहेत. हा आकडा साधारणपणे स्वीकारला जातो. अडचण आहे ती एकूण लोकसंख्येची. परंपरा ती ३५० धरते, म्हणजे दर चारांपैकी तीन माणसे गेली. चूलकराच्या (घरातील चुलींच्या संख्येवरील कराच्या) नोंदींवरून केलेले अंदाज मात्र ७०० च्या आसपास जातात, आणि तेच अधिक ग्राह्य वाटतात. तसे असल्यास सुमारे एक-तृतीयांश गाव मेले. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथनात अजूनही पहिलाच आकडा अधिक ऐकू येतो.

विलगीकरण : जून १६६६ मध्ये मॉम्पेसन आणि त्याच्याआधीचा, प्युरिटन (कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट पंथाचा) असल्याने पदच्युत झालेला टॉमस स्टॅन्ली यांनी मिळून तीन निर्णय घेतल्याचे सांगतात : प्रेते घरच्यांनीच जवळपास पुरावीत, प्रार्थना उघड्यावर व्हावी आणि कोणी सीमा ओलांडू नये. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याचा मालक असलेल्या डेव्हनशरच्या अर्लने अन्न पुरवले. काही सधन कुटुंबे आधीच निघून गेली होती. मॉम्पेसननेही आपली मुले बाहेर पाठवली होती. त्याची पत्नी कॅथरीन मागे राहिली आणि २५ ऑगस्टला वारली. सीमा बंद करण्याचा निर्णय कितपत स्वेच्छेचा होता यावर एकमत नाही. समकालीन कागदपत्रे मोजकी आहेत. आत्मत्यागाचा सूर प्रामुख्याने १८ व्या शतकापासून, ईममध्येच जन्मलेली कवयित्री ॲना सीवर्ड हिच्या लेखनात आणि पुढे विल्यम वुड याच्या १८४२ च्या स्थानिक इतिहासात घुमतो. इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ मध्ये या जडणघडणीचा मागोवा घेतला. त्यांचे विवेचन पटण्यासारखे आहे.

गावफेरी : फेरी सेंट लॉरेन्सच्या चर्चभोवती सुरू करणे सोयीचे. आवारात सुमारे ८ व्या शतकातील अँग्लो-सॅक्सन दगडी क्रूस आहे. त्याच्या खांबाचा एक तुकडा हरवल्याने तो बुटका दिसतो. जवळच कॅथरीनची कबर आणि चर्चच्या भिंतीवर १७७५ चे सूर्यघड्याळ आहे. पश्चिमेच्या ‘प्लेग कॉटेजेस’वरील पाट्यांवर त्या त्या घरातील मृतांची नावे आहेत. या घरांत आजही लोक राहतात, याचे भान कानात निवेदन चालू असताना सुटते.

शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर, शेतात, सीमाशिळा आहे. संसर्ग टळावा म्हणून तिच्यातील खड्ड्यांत व्हिनेगर भरून त्यात धान्याच्या मोबदल्याची नाणी ठेवत, असे सांगतात. खड्ड्यांच्या कडा हाताळून गुळगुळीत झाल्या आहेत. उत्तरेला मॉम्पेसनची विहीर आहे; तिचीही हकिकत तशीच. पूर्वेला सुमारे एक किलोमीटरवर रायली कबरी आहेत. तेथे एलिझाबेथ हॅन्कॉक हिने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतः ओढत नेऊन पुरली. दगडी कुंपणातील या थडग्यांवरील नावे व तारखा वाचल्यावर वेगळ्या निवेदनाची गरज उरत नाही.

गावातील संग्रहालय १९९४ मध्ये उघडले. त्याच्यावरील वातकुक्कुटाच्या (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याच्या) जागी उंदीर आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘प्लेग संडे’ पाळतात. त्या सुमारास विहिरींपाशी मातीच्या फळ्यांवर पाकळ्या रोवून चित्रे मांडतात. ही प्रथा या परगण्यातील अनेक गावांत आहे, तिचा प्लेगशी थेट संबंध नाही.