ऑल-माउंटन स्की : प्रगत स्त्री-स्कीपटूंसाठी निवड

ऑल-माउंटन स्की : यंत्राने दाबून सपाट केलेला उतार, त्याच्या कडेचा भुसभुशीत बर्फ, दुपारी वितळून रात्रीत पुन्हा गोठलेला पृष्ठभाग आणि झाडांमधली अरुंद वाट, हे सारे एकाच जोडीवर उतरता यावे म्हणून बनवलेली स्की. कडक उतारावर शर्यतीची स्की हिला मागे टाकते, खोल बर्फात रुंद पावडर स्की. ही दोन्हीकडे दुसरी येते, पण दोन्हीकडे चालते. मराठीत गोळ्यातला बर्फही बर्फच आणि हिमालयातलाही बर्फच. स्कीची निवड मात्र पायाखाली यांतला नेमका कोणता बर्फ असणार यावरच ठरते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. थंडीत निफाडला दवबिंदू गोठल्याची बातमी येते, जिल्ह्याचा बर्फ तेवढाच. त्यामुळे इथल्या स्कीपटूला वर्षाकाठी एखादा पंधरवडा मिळतो, तोही बहुधा गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंगला. प्रत्येक प्रकारच्या बर्फासाठी वेगळी जोडी बाळगणे तिला परवडत नाही, म्हणून ऑल-माउंटन.

‘प्रगत’ कोणाला म्हणावे, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे. तीव्र उतारावर, बर्फ कसाही असला तरी, दोन्ही पाय समांतर ठेवून वेगात सलग वळणे घेता येतात आणि स्की घसरवण्याऐवजी तिच्या कडेवर तोल टाकून वळता येते, ती प्रगत. एक-दोन अभ्यासक्रम पूर्ण केल्याने हे येत नाही. पायांत ताकद मात्र नाशिककरणींकडे असते. पहाटे त्र्यंबक रस्त्यावर सायकल हाणणाऱ्या आणि शनिवारी हरिहरच्या कातळपायऱ्या चढणाऱ्या बायकांना ठाऊक असते की मांड्या भरून येतात त्या उतरताना. स्कीइंग म्हणजे दिवसभर ते उतरणेच.

निवडीतला पहिला आकडा मधल्या रुंदीचा, म्हणजे बुटाखालच्या रुंदीचा. ऑल-माउंटन स्कीत ती साधारण ८० ते १०० मिमी. असते. अरुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाते आणि कडक पृष्ठभाग धरते; रुंद स्की मऊ बर्फावर तरंगते. सपाट केलेल्या उतारावरच बहुतेक वेळ जाणार असेल, तर ८२ ते ९० मिमी. पुरे. गुलमर्गचे गणित वेगळे आहे. सुमारे २,६५० मी. उंचीच्या या गावातून गंडोला, म्हणजे तारेवरची पाळणागाडी, दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या उतारावर सुमारे ३,९५० मी.पर्यंत नेते आणि दुसऱ्या टप्प्यावरचा बहुतेक भाग न दाबलेला, कोरड्या बर्फाचा असतो. तिथे ९५ ते १०० मिमी.ची स्की घ्यावी. हिमस्खलनाचा धोका तिथे खरा आहे आणि कोणतीही स्की तो कमी करत नाही.

लांबी प्रगत स्कीपटूसाठी तिच्या उंचीइतकी, चार बोटे कमी-जास्त धरतात; १६० सेंमी. उंचीच्या स्त्रीला साधारण १५६ ते १६४ सेंमी. टोके वर उचललेली असतील, तर बर्फाला टेकणारा भाग कमी होतो, म्हणून अशी स्की थोडी लांब चालते. सध्याच्या बहुतेक ऑल-माउंटन स्की टोकांशी उचललेल्या आणि पायाखाली किंचित कमानदार असतात: टोक बर्फात रुतत नाही, कमान कडेला पकड देते. वळणाची त्रिज्या १४ ते १७ मी. असली की लहान-मोठी दोन्ही वळणे जमतात. एकाच मॉडेलची लांबी वाढली की ही त्रिज्याही वाढते.

खरा वाद आहे तो ‘स्त्रियांची स्की’ या लेबलाचा. एके काळी पुरुषांची स्की आखूड आणि मऊ करून तिच्यावर फुले रंगवली की काम झाले असे मानत. आता चित्र बरेच बदलले आहे. अनेक कंपन्या दोन्ही आवृत्त्यांचा साचा एकच ठेवतात; फरक गाभ्यातल्या लाकडाच्या वजनात, धातूच्या पत्र्यात आणि मिळणाऱ्या लांब्यांमध्ये असतो. नावांची गंमत अशी की ऑस्ट्रियाच्या ब्लिझार्ड कंपनीची पुरुषांची स्की अलीकडपर्यंत ‘ब्रह्मा’ होती आणि जर्मनीच्या फोल्कलची आहे ‘मंत्रा’. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणारीला मात्र दुकानदार याच कंपन्यांच्या स्त्रियांच्या स्की, ‘ब्लॅक पर्ल’ आणि ‘सिक्रेट’, दाखवणार!

धातूचा हा पत्रा बहुधा टायटनालचा असतो; टायटनाल हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याचे पातळ पत्रे स्कीची थरथर शोषतात, वेगात ती स्थिर ठेवतात आणि वजन वाढवतात. ५० किलोच्या आतल्या स्कीपटूला दोन पूर्ण पत्र्यांची ताठ स्की कमी वेगात वाकवता येत नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. ६५ किलोच्या, जोरकस स्कीपटूच्या पायाखाली हलकी, धातूविरहित स्की फडफडते. म्हणजे निर्णय वजन, ताकद आणि वेग यांवर घ्यावा. योग्य लांबी मिळत असेल तर पुरुषांची आवृत्ती घ्यायला काहीच हरकत नाही. सौम्य स्की सुरक्षित, हा दुकानदाराचा सल्ला प्रगत स्त्रीने सहसा ऐकू नये.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी आणि पडल्यावर सोडणारी कळ, बसवण्याची खूण काही स्त्री-मॉडेलांत थोडी पुढे असते, कारण स्त्रियांच्या शरीराचा गुरुत्वमध्य सरासरीने खाली असतो. कंपनीच्या खुणेवरच सुरुवात करावी. बाइंडिंग किती ताणावर सुटावे हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून तक्त्यात काढतात. मैत्रिणीचा आकडा उचलू नये. बूट सुटल्यावर स्की थांबवणारा बाइंडिंगचा ब्रेक स्कीच्या मधल्या रुंदीइतका किंवा १५ मिमी.पर्यंत जास्त रुंद हवा. बाइंडिंगसाठी भोके पाडण्याचे काम ओळखीच्या सुताराला देऊ नये, ड्रिल जरा खोल गेले की तळातून बाहेर येते.

बूट स्कीच्याही आधी घ्यावेत, कारण पायाची हालचाल स्कीपर्यंत बुटातूनच पोहोचते. स्त्रियांच्या पोटऱ्या बहुधा खालपासून भरतात, म्हणून त्यांच्या बुटाचा घोट्यावरचा भाग बुटका असतो. नाशिकच्या बाजारात स्की हा नेहमीचा माल नाही. तेव्हा कॅटलॉगमधून थेट मागवण्याआधी गुलमर्गला दोन-तीन वेगवेगळ्या रुंदीच्या जोड्या भाड्याने घेऊन, स्वतःच्या बुटांवर, एकाच उतारावर चालवून पाहाव्यात.

उरलेले अकरा-साडेअकरा महिने स्की घरात असते, आणि नाशिकचा पावसाळा तिच्या पोलादी कडांचा शत्रू आहे. हंगाम संपताच कडा पुसून कोरड्या कराव्यात, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर चढवून तो तसाच ठेवावा. एप्रिल-मेमध्ये तापणाऱ्या पत्र्याखालचा माळा टाळावा, आतल्या खोलीतले कपाट बरे. दोन्ही स्की तळाला तळ लावून बांधताना कमान दाबली जाईल इतका पट्टा आवळू नये. निघण्याच्या आठवडाभर आधी मेण खरवडून काढावे आणि कडेवर अंगठ्याचे नख आडवे ओढून पाहावे. नखाचा बारीक कीस निघाला नाही, तर कडेला धार लावून घ्यावी.