एका खोलीतलं वाचन, एका खोलीतला सिनेमा

मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही, ही तक्रार साहित्य संमेलनाच्या मांडवात एकदा तरी होतेच. घेऊन ठेवणार कुठे, हा प्रश्न मात्र तिथे कुणी विचारत नाही. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, मोरी, स्टो, देव्हारा, पलंग आणि पलंगाखाली ट्रंका. पुस्तकाला जागा मिळालीच तर माळ्यावर, पंचांग आणि पोथीच्या शेजारी. अशा घरात पुस्तक यायचं, घरभर वाचलं जायचं आणि मुदतीच्या आत परत जायचं.

'काय वाचतोयस?', 'मन लागत नाही, काहीतरी हलकंफुलकं सुचव', 'तो पिक्चर परत लागलाय, चुकवू नकोस' अशी एकमेकांना शिफारस करायची आपल्याला जी सवय आहे, तिची मुळं मला या जागेच्या टंचाईत दिसतात. ज्या सिनेमांकडे आपण विसाव्यासाठी पुन्हा पुन्हा वळतो, त्यांतल्या बऱ्याच सिनेमांची गोष्टही जागेचीच आहे. त्याकडे येतोच.

आधी वाचनालयं. रत्नागिरीचं १८२८चं, अहमदनगरचं १८३८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं, कोल्हापूरचं १८५०चं. (पणजीचं सरकारी ग्रंथालय १८३२चं, पण ते पोर्तुगीज राजवटीतलं, त्याची गोष्ट वेगळी.) यांतली बहुतेक सुरुवातीला 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणूनच ओळखली जात. गोरे अधिकारी, मूठभर शिकलेली मंडळी आणि वर्तमानपत्रं असा त्यांचा संसार. त्यांचा उंबरठा ओलांडायची मुभा आणि ऐपत फार थोड्यांना होती, हे विसरून चालणार नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं, मुंबईचं १८९८ मध्ये, आणि मराठी पुस्तक जपणं, वाचकापर्यंत पोहोचवणं हे काम म्हणून उभं राहिलं. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि अनुदान सुरू झालं. ते पुरेसं आहे असं म्हणणारा ग्रंथपाल माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण वाचनाची गोडी लावली ती जास्त करून खाजगी सर्क्युलेटिंग लायब्ररीने. एखादा गाळा, कधी जिन्याखालची जागा, भिंतभर फळ्या, खाकी कव्हरं आणि पुठ्ठ्यावर शाईने घातलेला नंबर. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक न्यायचं. काउंटरमागच्या माणसाला कुठल्या घरात काय चालतं ते पाठ. आईसाठी कादंबरी, वडिलांसाठी चरित्र, धाकट्यासाठी रहस्यकथा, आणि घरी कुणाचं दुखणं-खुपणं असेल तर 'हे न्या, जरा हसाल' म्हणून मुद्दाम काढून ठेवलेलं एखादं विनोदी पुस्तक. कुठल्याही शिफारशीच्या यंत्रणेला हेवा वाटावा अशी ही सेवा वर्गणीतच मिळायची.

त्या पुस्तकांच्या समासात आणखी एक जग होतं. 'पुस्तकावर लिहू नये' असा शिक्का पहिल्याच पानावर, आणि त्याच्याच खाली पेन्सिलीतला शेरा: फार रडवते. दुसऱ्या अक्षरात त्याला उत्तर: मला नाही रडू आलं. तिसऱ्याचं: पान ८० पर्यंत धीर धरा. रहस्यकथेच्या सुरुवातीलाच खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभागही असत, आणि त्यांना शिव्या घालणारेही त्याच पानावर. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एका प्रतीवर वर्षानुवर्षं बोलत राहायची.

दिवाळी अंकाने या देवघेवीला वर्षाचं वेळापत्रक दिलं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही प्रथा रुजली. मित्र मूळचे आजगावकर. बंगालीची इतकी ओढ की त्यांनी 'मित्र' हे नावच घेतलं. बंगाली नियतकालिकं दुर्गापूजेला खास अंक काढतात, मराठी दिवाळीला. पण अंक काढणं वेगळं आणि तो घरोघरी फिरणं वेगळं. चाळीत चार बिऱ्हाडांनी चार वेगळे अंक घ्यायचे आणि फिरवायचे, हा हिशेब साधा होता. लायब्ऱ्यांनी त्याचीच योजना केली: दिवाळीला एकरकमी पैसे भरा आणि पुढचे काही महिने अंकामागून अंक न्या. होळी आली तरी दिवाळी अंक संपलेले नसत. कुणाचा कुठला अंक चांगला, कुणाची कथा यंदा फसली, याची चर्चा फराळाइतकीच चवीने व्हायची.

पुस्तकांविषयीच्या गप्पांना स्वतःचं मासिक मिळालं ते 'ललित'मुळे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी ते जानेवारी १९६४ मध्ये सुरू केलं. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने त्यात साहित्यिकांची टोपी उडवायचे आणि वसंत सरवटे चित्रं काढायचे. लेखकाला पाटावर बसवून आरती न करता त्याच्याबद्दल घरच्यासारखं बोलता येतं, हे मराठी वाचकाला त्या सदराने शिकवलं असं मला वाटतं. पुढे १९७४ मध्ये 'ग्रंथाली' आली. सभासद आगाऊ पैसे भरणार, पुस्तक त्यांना कमी किमतीत मिळणार, आणि प्रदर्शनं गावोगाव फिरणार. दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन ग्रंथालीने १९७८ मध्ये काढलं. ज्यांना जुन्या वाचनालयांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यांचं जगणं आता मध्यमवर्गाच्या खाटेवर उशाशी येऊन पडलं. ते वाचन विसाव्याचं नव्हतं, झोप उडवणारं होतं.

विसाव्याचं म्हणाल तर त्याला वीस वर्षं आधीच पत्ता मिळाला होता. पु. ल. देशपांडे यांचं 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये आलं आणि १९६१ पासून त्यांनी ते रंगमंचावर एकट्याने सादर केलं. उपास, भ्रमणमंडळ, आजही आजारपणात ही पानं उघडणारी घरं आहेत. गंमत अशी की हे पुस्तक संपतं ते चाळीच्या खिन्न चिंतनावर. हसत बसलेला वाचक शेवटी गप्प होतो. जे पुस्तक नुसतंच गोड असतं ते एकदा वाचून बाजूला पडतं. ज्यात थोडं खुपणारंही असतं त्याच्याकडे माणूस परत येतो.

आता सिनेमा. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सत्तावन्न आठवडे चालला, तो एकेका माणसाने एकदाच पाहून नक्कीच नाही. तंबूतल्या टुरिंग टॉकीज जत्रेजत्रेतून फिरायच्या. गणपतीत चाळीच्या चौकात किंवा गल्लीत पांढरा पडदा ताणून सोळा एमएमच्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवला जायचा. पुढे जागा नसली की लोक पडद्याच्या मागे बसत. त्यांना सगळं उलटं दिसे, नायक डावखुरा होई, नावं वाचता येत नसत. पण गाणी तीच. रीळ बदलताना अंधारात कुणीतरी पुढे काय होणार ते सांगून टाकायचा आणि बाकीचे त्याला गप्प करायचे.

दुसरीकडे चित्रपट मंडळांची चळवळ होती, आणि तिचा स्वभाव अगदी वेगळा. कलकत्त्यात १९४७ मध्ये फिल्म सोसायटी निघाली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष. मुंबईत फिल्म फोरम, १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून रिळं गोळा केली. मंडळाचं सभासद व्हायचं, वर्गणी भरायची, वकिलातींकडून आलेला परदेशी सिनेमा पाहायचा आणि नंतर चहावर वाद घालायचा. मंडळांच्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट होती, त्यामुळे काही सभासदांची कलाजिज्ञासा अचानक वाढे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. या वर्तुळात 'करमणूक' हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारला जायचा.

आणि नेमक्या याच वर्तुळातून बासू चटर्जी आले. अनेक वर्षं 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात व्यंगचित्रं काढणारा, फिल्म फोरमच्या उभारणीत असलेला हा माणूस. पहिला चित्रपट 'सारा आकाश' राजेंद्र यादवांच्या कादंबरीवर, 'रजनीगंधा' मन्नू भंडारींच्या कथेवर. म्हणजे आधी वाचक, मग मंडळाचा सभासद, मग दिग्दर्शक. जगभरचा गंभीर सिनेमा पाहून या गृहस्थाने काय केलं, तर बसच्या रांगेतल्या, लोकलमधल्या, हळू बोलणाऱ्या माणसांचे सिनेमे. मंडळवाल्यांनी नाकं मुरडली असतील, पण त्यांच्याच घरात ते आज सर्वांत जास्त वेळा पाहिले जातात.

चटर्जींचा १९७२चा 'पिया का घर' हा राजा ठाकूर यांच्या १९७०च्या 'मुंबईचा जावई'चा हिंदी अवतार. 'का रे दुरावा' हे गाणं ज्या सिनेमात आहे तोच. गोष्ट एवढीच की नव्या जोडप्याला भरल्या घरात एकांत मिळत नाही. सई परांजपे यांचा १९८३चा 'कथा' हा साठ्ये यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून आला, आणि घडतो चाळीत. १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' तर साराच भाड्याच्या खोलीसाठी. घरमालकीण जोडप्यांनाच खोली देणार, म्हणून दोघे मित्र बायका होतात. ही गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मधली, आणि त्याच्याही आधी १९५५च्या एका बंगाली सिनेमातली. बंगालीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत, लायब्ररीच्या पुस्तकासारखी हातोहात फिरत आलेली. वसंत सबनीसांच्या संवादांनी ती अशी मराठी केली की मूळ शोधायला कुणी गेलंच नाही.

या सगळ्यामागे एक रूक्ष कारण आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. भाडेकरू सुरक्षित झाला, पण नवीन खोली भाड्याने द्यायला मालक धजेना. पागडी, डिपॉझिट, पोटभाडेकरू हे शब्द घरोघरी आले. खोली शोधणं ही एका पिढीची रोजची चिंता होती, आणि त्याच चिंतेवर सिनेमागृहात पोट धरून हसता येई. त्या गोष्टी जवळच्या वाटतात त्या म्हणून. स्वित्झर्लंडच्या बर्फातला प्रणय पाहून कुणाचा जीव भांड्यात पडत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुन्हा पाहण्याची सोय घरात आली. घरात म्हणजे चाळीतल्या ज्या एका घरात टीव्ही होता त्या घरात. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दार उघडं, पोरं फरशीवर, बायका चौकटीत, पुरुष गॅलरीतून वाकून. यजमानीण स्वयंपाक आटपून बसेपर्यंत मध्यंतरातल्या बातम्या लागलेल्या. निवड दूरदर्शनची, त्यामुळे आवडो न आवडो, सगळ्यांनी एकच पाहिलेलं असे आणि सोमवारी नळावर बोलायला एकच विषय असे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रीत तीन सिनेमे उरकायची टूम निघाली. वर्गणी काढूनच, अर्थात. नव्वदीत केबल आली आणि 'बनवाबनवी' वर्षातून इतक्या वेळा लागू लागला की तो पाहायला बसावं लागत नाही, येता-जाता संवाद पुरे करायचे.

आता वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहताहेत आणि १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळतंय. तिथे पुस्तकांचं कपाट मावेल. शेजाऱ्याचं दार मात्र बंद असेल. फिरत्या पुस्तकाची चाल तरी थांबलेली नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये २०१७ पासून पंचवीस ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं ठेवली आहेत. स्ट्रॉबेरी घ्यायला आलेला माणूस कुणाच्याही ओसरीवर बसून वाचू शकतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ पासून चालू आहे: शंभर पुस्तकांची एक पेटी, ती काही कुटुंबांच्या गटाकडे द्यायची, ठरावीक महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. अशा पेट्या दुबईच्या मराठी घरांतही पोहोचल्या आहेत.