क्यूदो : धनुष्य समोरून उचलायचं की तिरकं?

१५४३ मध्ये जपानात बंदूक आली आणि रणांगणावरचं धनुष्य हळूहळू मागे पडलं. ती विद्या, म्हणजे आजची क्यूदो ही जपानी धनुर्विद्या, टिकली घराण्यांत, समारंभांत आणि विक्रमांच्या ईर्ष्येत. क्योतोच्या सांजुसांगेन्दो मंदिराच्या सुमारे १२० मीटर लांब ओसरीतून १६८६ मध्ये एका तरुण सामुराईने एका दिवसात १३,०५३ बाण सोडले. ८,१३३ पार गेले.

मेइजी काळात (१८६८-१९१२) सामुराई हा योद्ध्यांचा वर्गच संपला. तेव्हा तोक्योच्या विद्यापीठातल्या एका वयोवृद्ध गुरूंनी समारंभातली सरळ उचल आणि युद्धशैलीतली ओढ एकत्र केली. ही पद्धत विद्यार्थ्यांमार्फत देशभर पसरली आणि जुन्या घराण्यांना ती खुपली. १९१९ मध्ये 'क्यूजुत्सु'चं 'क्यूदो' झालं, 'जुत्सु' म्हणजे कौशल्याच्या जागी 'दो' म्हणजे मार्ग आला. पण खरा पेच नावात नव्हता, हातांत होता.

शोमेन, म्हणजे सरळ उचलीच्या, पद्धतीत दोन्ही हात समोरून सरळ कपाळाच्या वर जातात आणि धनुष्य पुढे ढकलताना त्याची मूठ डाव्या पंजात फिरते. शामेनमध्ये पंजाची पकड आधीच, डाव्या गुडघ्याच्या बाजूला बसवतात आणि ती न हलवता धनुष्य तिरकं उचलतात. बाण सुटताना धनुष्याला किती पीळ मिळणार, हे याच पकडीवर ठरतं. म्हणून शामेनवाल्यांना पंजात फिरणारी मूठ म्हणजे पाया हलल्यासारखी वाटे.

१९३३ मध्ये युद्धकलांच्या देशव्यापी संघटनेने सगळ्यांसाठी एकच रीत ठरवायला क्योतोत बैठक बोलावली. खडाजंगी झाली. शेवटी १९३४ च्या नियमांत निघाला मधला रस्ता: ना पुरतं समोर, ना पुरतं तिरकं. टीकाकारांनी त्याला 'नुए' म्हटलं; माकडाचं डोकं, वाघाचे पाय आणि सापाची शेपटी असलेला दंतकथेतला प्राणी. ही टीका रास्तच होती. शरीराची रीत मतदानाने अर्धी-अर्धी वाटता येत नाही. दोन्ही पद्धतींमागे पिढ्यांचा सराव होता, या तिसरीमागे फक्त ठराव.

१९४५ च्या पराभवानंतर युद्धकलांवर बंदी आली, ती संघटनाही बरखास्त झाली. १९४९ मध्ये नवी संघटना उभी राहिली. तिने १९५३ च्या पाठ्यपुस्तकात शोमेन आणि शामेन दोन्ही मान्य केल्या. मधल्या पद्धतीला त्यात जागा मिळाली नाही. आज नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी शोमेनच शिकवतात, पण २८ मीटरवरच्या ३६ सेंटिमीटरच्या लक्ष्यासमोर शामेनवालेही त्याच रांगेत उभे असतात.