पोच देण्याआधी

नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ही, एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ताब्यात घेतली आणि महिनाभरातच तिच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. यापुढे फक्त वर्गणी. ज्या कंपन्यांचं अख्खं डेटा सेंटर या सॉफ्टवेअरवर उभं होतं, त्यांना हिशेब नव्यानं मांडावा लागला. तेव्हापासून सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्क एकत्र देणाऱ्या 'कन्व्हर्ज्ड' आणि 'हायपरकन्व्हर्ज्ड' यंत्रणांची तुलना करणाऱ्या तक्त्यांना पुन्हा बहर आला आहे. प्रोसेसरचे किती कोअर, साठ्याचे किती टेराबाइट, रॅकमध्ये किती जागा, उभारणीला किती दिवस, असे रकाने एकाखाली एक भरलेले असतात. आणि वाचणाऱ्याच्या मनात एक समज आपोआप तयार होतो, की हायपरकन्व्हर्ज्ड म्हणजे कन्व्हर्ज्डचीच पुढची, सुधारलेली आवृत्ती.

हा समज चुकीचा आहे. या दोन्हींत फरक प्रमाणाचा नाही, रचनेचा आहे. तो कळायला मला एकच रकाना पुरेसा वाटतो, आणि नेमका तोच या तक्त्यांत नसतो. एखाद्या प्रोग्रॅमनं 'हे लिहून ठेव' म्हणून डेटा दिला आणि यंत्रणेनं 'लिहिलं' अशी पोच दिली, त्या क्षणी तो डेटा कुठे असतो?

आधी नावांचा गुंता सोडवू. पूर्वी मोठ्या संस्था सर्व्हर एका कंपनीकडून, नेटवर्कचे स्विच दुसरीकडून आणि स्टोरेजची पेटी तिसरीकडून घेत. काही बिघडलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत. प्रत्येक भागाच्या फर्मवेअरच्या, म्हणजे त्या यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. पाच भाग आणि प्रत्येकाच्या चार आवृत्त्या धरल्या तरी १,०२४ जुळण्या होतात. त्यातल्या कोणत्या नीट चालतात, हे कुणीच सगळं तपासलेलं नसतं. २००९मध्ये सिस्को आणि ईएमसी यांनी व्हीएमवेअरला सोबत घेऊन 'व्हीब्लॉक' आणला: सिस्कोचे सर्व्हर आणि स्विच, ईएमसीचं स्टोरेज, वर व्हीएमवेअर, हे सगळं कारखान्यातच जोडून आणि तपासून रॅकसकट पाठवायचं. पुढच्याच वर्षी नेटअ‍ॅप आणि सिस्को यांचा 'फ्लेक्सपॉड' आला. तो म्हणजे तयार रॅक नव्हे, तर तपासून पक्का केलेला आराखडा. त्याबरहुकूम जोडणी तुमचा पुरवठादार करणार. आयबीएमनं २०१२मध्ये 'प्युअरसिस्टिम्स' आणलं. या सगळ्यांत आतले भाग जुनेच होते. त्या १,०२४ जुळण्यांपैकी एक कुणीतरी जबाबदारी घेऊन तपासली, ही खरी नवी गोष्ट. कन्व्हर्ज्डचा अर्थ एवढाच, आणि तो मुळीच कमी मोलाचा नाही.

हायपरकन्व्हर्ज्डमध्ये मात्र एक भाग गायबच होतो. २०११मध्ये न्यूटॅनिक्सचं पहिलं उत्पादन आलं, २०१४मध्ये व्हीएमवेअरचं व्हीसॅन आलं, आणि स्टोरेजची वेगळी पेटी नाहीशी झाली. प्रत्येक सर्व्हरमधल्या डिस्क सॉफ्टवेअरनं एकत्र बांधून त्यांचाच एक साठा केला. या मांडणीत सर्व्हरला नोड म्हणतात आणि नोडच्या गटाला क्लस्टर.

ती पेटी मुळात होती कशासाठी, ते पाहू. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला ४ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सरासरी अर्ध्या फेरीनंतर वाचणाऱ्या हेडखाली येते, म्हणजे २ मिलिसेकंद गेले. त्या हेडला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी साधारण ४. एका कामाला, म्हणजे एकदा वाचायला किंवा लिहायला, ६ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम १७० कामं होतात. मोठ्या डेटाबेसला सेकंदाला ५०,००० कामं हवी असतील, तर जवळपास ३०० डिस्क एकत्र राबवाव्या लागतात. एका सर्व्हरमध्ये ३०० डिस्क मावणार कशा? म्हणून वेगळी पेटी, आणि सगळ्या सर्व्हरना तिच्यापर्यंत नेणारं वेगळं फायबर चॅनल नेटवर्क. पुढे फ्लॅश, म्हणजे चिपवर डेटा जपणारी मेमरी आली. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होतं, आणि एकच एसएसडी, म्हणजे फ्लॅशची डिस्क, सेकंदाला हजारो कामं उरकते. पेटीचं अस्तित्व ज्या कारणावर उभं होतं ते कारणच गेलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या पद्धतीच्या पेटीत दोन कंट्रोलर असतात, म्हणजे पेटीतलेच दोन स्वतंत्र संगणक. डेटा आला की एक कंट्रोलर तो आपल्या मेमरीत घेतो, लगेच दुसऱ्याच्या मेमरीत त्याची नक्कल करतो आणि मग पोच देतो. डिस्कवर डेटा जातो नंतर, सवडीनं. मधेच वीज गेली तर बॅटरीच्या जोरावर ती मेमरी जपली जाते. म्हणजे पोच मिळाली तेव्हा डेटा एकाच पेटीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावरच्या दोन ठिकाणी असतो. दोन्ही कंट्रोलर एकमेकांना खास तारांनी जोडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये तिसरं कुणी येत नाही.

हायपरकन्व्हर्ज्डमध्ये हेच काम नेटवर्कवरून होतं. पहिला नोड डेटा स्वतःच्या फ्लॅशवर लिहितो, त्याच वेळी दुसऱ्या नोडला पाठवतो, आणि दोघांचंही लिहून झाल्यावरच पोच देतो. मधल्या तारेवर किती वेळ जातो? ४ किलोबाइटचा तुकडा सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या तारेवर चढायला सुमारे ३३ मायक्रोसेकंद (मिलिसेकंदाचे हजारावे भाग) लागतात, १० गिगाबिटच्या तारेवर ३.३. फ्लॅशच्या १०० मायक्रोसेकंदांपुढे ३३ खटकतात, ३.३ खपून जातात. स्वस्त फ्लॅश आणि १० गिगाबिटचं इथरनेट एकाच सुमारास हाताशी आलं, म्हणून या यंत्रणा तेव्हा जन्मल्या. त्याआधी कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. गूगलनं २००३मध्येच प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या साध्या संगणकांवर ठेवणारी आपली फाइल सिस्टिम जाहीर केली होती.

खरी गंमत पुढे आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. समजा डेटाच्या दोन प्रती अ आणि ब या नोडवर आहेत आणि दोघांमधली तार तुटली. अ-ला वाटतं ब मेला. ब-ला वाटतं अ मेला. दोघेही जिवंत आहेत. आता दोघांनीही 'उरलो मी एकटाच' असं समजून नवा डेटा लिहून घ्यायला सुरुवात केली, तर काही मिनिटांत एकाच खात्याच्या दोन वेगवेगळ्या शिलका तयार होतात, आणि तार परत जोडल्यावर खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. यंत्र बंद पडणं परवडलं, हे नको. यंत्र बंद पडलं तर काम थांबतं. इथे काम चालू राहतं आणि चुकीचं होतं.

यावरचा उपाय सभेच्या नियमांत सापडतो: गणपूर्ती. निम्म्याहून जास्त सभासद हजर असतील तरच निर्णय घ्यायचा. पाच मतांपैकी तीन हवीत असा नियम केला, की एकमेकांपासून तुटलेल्या दोन गटांकडे एकाच वेळी तीन-तीन मतं असूच शकत नाहीत, कारण त्यासाठी सहा मतं लागतील. आणखी खोल पाहिलं तर कोणत्याही दोन बहुमतांत किमान एक सभासद सामाईक असतोच. काल ज्या बहुमतानं निर्णय घेतला, त्यातला निदान एक जण आजच्या बहुमतात बसलेला असणार, आणि तो कालचा निर्णय विसरू देणार नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९९८मध्ये प्रसिद्ध झालेली पॅक्सॉस ही पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. शाळेतलं बेरजेचं गणित, पण त्याच्या जोरावर बेभरवशाच्या तारांनी जोडलेली यंत्रं एकमतानं वागू शकतात.

म्हणूनच दोन प्रतींना तिसऱ्या मताची गरज पडते. व्हीसॅनमध्ये दोन प्रतींबरोबर तिसऱ्या नोडवर एक 'विटनेस', म्हणजे साक्षीदार, ठेवतात. त्याच्याकडे डेटा नसतो, फक्त मत असतं. तार तुटली की ज्या बाजूला विटनेस पोचतो ती बाजू चालू राहते आणि दुसरी गप्प बसते. दोनच नोडचा क्लस्टर करायचा असेल, तर हा साक्षीदार तिसऱ्या जागी ठेवावा लागतो. 'दोन नोडमध्ये सगळं काही' असं सांगणाऱ्याला 'तिसरं मत कुठे आहे?' असं जरूर विचारावं.

अंतराची मर्यादाही इथेच येते. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दोन प्रती १०० किलोमीटर अंतरावरच्या दोन इमारतींत ठेवल्या, तर जाऊन येण्यात १ मिलिसेकंद खर्ची पडतो, फ्लॅशच्या लिहिण्याच्या दहापट. यावर कोणत्याही कंपनीचं कोणतंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

जागेचा हिशेबही पाहायला हवा. दोन प्रती ठेवल्या तर निम्मी जागा वाया जाते. म्हणून पॅरिटी वापरतात. १०११, ०११० आणि ११०० हे तीन तुकडे तीन नोडवर आहेत. प्रत्येक स्थानावर १ किती आहेत ते मोजायचे. विषम असतील तर १ लिहायचा, सम असतील तर ०. येतं ०००१, ते चौथ्या नोडवर. आता दुसरा नोड जळाला तर उरलेल्या १०११, ११०० आणि ०००१ यांवर हाच नियम चालवा. ०११० परत मिळतं. चारांपैकी तीन भाग जागा कामाची राहते. पण एक छोटासा बदल करायचा तरी जुना तुकडा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा तुकडा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात, आणि हायपरकन्व्हर्ज्डमध्ये ती नेटवर्कवरून. तक्त्यात पॅरिटी धरलेली जागा आणि दोन प्रती धरलेला वेग शेजारी शेजारी छापलेले असतील, तर ते दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत हे लक्षात ठेवावं.

दुरुस्तीत मात्र हायपरकन्व्हर्ज्डची बाजू वरचढ ठरू शकते. पारंपरिक पेटीत १० टेराबाइटची डिस्क गेली आणि तिच्या जागी एकच राखीव डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगानं भरायची असली, तर जवळपास १४ तास लागतात. क्लस्टरमध्ये गेलेल्या डिस्कच्या प्रती सगळ्या नोडवर विखुरलेल्या असतात, त्यामुळे सगळे मिळून भरपाई करतात. पण या विखुरण्याचीही किंमत आहे: दोनच प्रती असतील, तर एकाच वेळी कोणतेही दोन नोड गेले तरी कुणाचा ना कुणाचा डेटा जाण्याची शक्यता असते.

इथे 'यंत्रणा ९९.९९९ टक्के वेळ चालू राहील' या विक्रेत्यांच्या दाव्याबद्दल बोलणं भाग आहे. पाच नऊ म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो, पण त्यामागचा गुणाकार (एक प्रत बिघडण्याची शक्यता गुणिले दुसरी बिघडण्याची) एक गोष्ट गृहीत धरतो: दोन प्रती एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात. नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला, की फर्मवेअरमधल्या चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर त्या कायमच्या बंद पडतील. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. अधिक-उणे चिन्हासह १६ बिटांत ३२,७६७पर्यंतच मोजता येतं. आता विचार करा, एकाच दिवशी चालू केलेल्या दोन नोडमध्ये अशा एसएसडी असतील तर दोन्ही प्रती एकाच तासाला जातील. तिथे कोणताही गुणाकार कामाला येत नाही. आणि प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हेही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. खंडणीखोर प्रोग्रॅमनं फाइली कुलूपबंद केल्या, की दुसरी प्रतही त्याच मिलिसेकंदात इमानेइतबारे कुलूपबंद होते.

मग कोणती यंत्रणा घ्यावी? लहान शाखा, एकसारखी कामं, सांभाळायला एक-दोन माणसं, तर हायपरकन्व्हर्ज्ड सोयीचं. पण डेटा झपाट्यानं वाढतोय आणि गणन तेवढंच आहे, असं असेल तर फक्त जागेसाठी पूर्ण नोड, त्यातल्या प्रोसेसरसह, विकत घ्यावे लागतात. आणि प्रति-कोअर परवाना असलेलं सॉफ्टवेअर त्या कोअरचेही पैसे मागतं. तिथे स्टोरेज वेगळं वाढवता येणारी कन्व्हर्ज्ड मांडणी बरी. उद्योगानंही हे मान्य केलेलं दिसतं. एचपीईनं २०१९मध्ये 'डीएचसीआय' आणलं, ज्याच्या नावात हायपरकन्व्हर्ज्ड ('एचसीआय') आहे पण स्टोरेज पुन्हा वेगळं झालं आहे. सिस्कोनं आपलं हायपरफ्लेक्स हे हायपरकन्व्हर्ज्ड उत्पादन २०२३मध्ये गुंडाळायचं ठरवलं आणि न्यूटॅनिक्सशी हातमिळवणी केली. नेटवर्कवरून फ्लॅशशी थेट बोलण्याचं एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स हे मानक २०१६मध्ये आलं, आणि पेटी दूर असण्याचा तोटा आणखी घटला. ज्या वेगवान नेटवर्कमुळे पेटी गेली, तेच आता तिला परत आणतंय.

चाचणीसाठी यंत्रणा आणाल तेव्हा पुरवठादार बहुधा एका नोडची वीज बंद करून दाखवतो. ती सोपी परीक्षा आहे, कारण मेलेला नोड कुणाशी वाद घालत नाही. वीज चालू ठेवा आणि दोन नोडमधल्या नेटवर्कच्या केबल काढा. मग दोन्हीकडे एकाच वेळी लिहायचा प्रयत्न करा. एका बाजूनं साफ नकार दिला पाहिजे. दोन्हीकडून पोच आली, तर ती यंत्रणा परत पाठवा.