बनोसा रेल्वे स्थानक

मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी शाखामार्गावरील स्थानक. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर या तालुक्याच्या गावाला हेच स्थानक लागे. मात्र रेल्वेच्या दप्तरी नाव लागले ते दर्यापूरला खेटून असलेल्या बनोसा गावाचे. पुढे दोन्ही गावे एका नगरपरिषदेखाली आली, तरी स्थानकाचे नाव बदलले नाही. त्यामुळे तिकीट बनोसाचे आणि जाणारा दर्यापूरचा, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. मूर्तिजापूरकडून येताना लाखपुरी मागे टाकून व पूर्णा नदी ओलांडून गाडी येथे येई. पुढे अंजनगाव, पथ्रोट व अखेरीस अचलपूर.

हा मार्ग वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो. मूर्तिजापूर हे त्याचे मधले ठाणे. तेथून उत्तरेस अचलपूरपर्यंत ७६ किमी. व आग्नेयेस कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत ११३ किमी. असे दोन फाटे निघतात. रुळांमधील अंतर ७६२ मिमी., म्हणजे अडीच फूट.

मार्गाच्या कालाविषयी एकवाक्यता नाही. वृत्तपत्रांतून १९०३ मध्ये काम सुरू होऊन १९१६ मध्ये संपले, असे वारंवार छापून येते. दुसऱ्या मतानुसार १९१० हे साल घ्यावे लागते, कारण किलिक निक्सन कंपनीने या मार्गाची मालक असलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली ती त्या वर्षी. काही ठिकाणी १९१० हे किलिक निक्सनच्याच स्थापनेचे वर्ष म्हणून दिलेले आढळते. ती सरळ चूक आहे. ही मुंबईतील पेढी १८५७ पासूनची. जुन्या रेल्वेविषयक नोंदींत हा मार्ग आरंभी ‘एलिचपूर–यवतमाळ रेल्वे’ (एलिचपूर म्हणजेच अचलपूर) या नावाने येतो व तो सु. १९१३ मध्ये वाहतुकीस खुला झाल्याचे दिसते. हे साल अधिक ग्राह्य वाटते. १९०३ हे वर्ष वऱ्हाडच्या इतिहासात महत्त्वाचे आहे खरे, पण वेगळ्या कारणाने: निजामाकडून कायम पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड त्या वर्षी मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) कारभाराला जोडण्यात आला. संपूर्ण मार्ग वऱ्हाडात असूनही कंपनीच्या नावात ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ का, याचा उलगडाही यातूनच होतो. एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला; दर्यापूर तालुका तोवर एलिचपूर जिल्ह्यातच होता.

या मार्गावरील सिग्नलांवर ‘लिव्हरपूल, १८९५’ अशी अक्षरे असल्याचे सांगितले जाते, व त्यावरून मार्ग एकोणिसाव्या शतकातला असल्याचा तर्क काहीजण करतात. ओतीव लोखंडावरचे साल हे कारखान्याचे असते, मार्गाचे नव्हे. आधीच तयार असलेला माल नंतर बसवला गेला असणे सहज शक्य आहे. इंजिनाबाबतही तसेच. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून येथे धावले व १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले, असे सर्वत्र नमूद आहे. वर मानलेला काळ धरला तर हे या मार्गावरचे पहिले इंजिन ठरत नाही, हे लक्षात घ्यावयास हवे.

मार्ग टाकण्यामागचा हेतू कापसाचा होता, याबद्दल मात्र वाद नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा नागपूरकडे जाणारा रुंदमापी मार्ग १८६७ मध्येच पूर्ण झाला होता. पूर्णेच्या खोऱ्यातील कापूस त्याच्यापर्यंत बैलगाडीने न्यावा लागे. जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या ३९२ पौंडांच्या गाठी बांधत. अरुंदमापी वाघिणींतून मूर्तिजापूरला आलेल्या गाठी तेथे हमालांच्या पाठीवरून रुंदमापी वाघिणींत चढत व मुंबई बंदराकडे जात. मापबदलाचा हा खोळंबा अशा सर्वच शाखामार्गांच्या मुळावर आला. पक्क्या सडका झाल्यावर तोच माल मालमोटारीने जिनपासून थेट मुक्कामी जाऊ लागला.

बनोसा खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या पट्ट्यात येते. येथील खोल काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे रुळांखालची भर टिकवणे कष्टाचे. डागडुजी मागे पडत गेली तशी गाडीची गती ताशी २० किमी.च्या आसपास आली आणि अचलपूरचा प्रवास सु. चार तासांचा झाला. मोजक्या कर्मचाऱ्यांवर गाडी चाले. शेवटच्या काळात तिकिटे देण्यापासून इंजिन सोडण्या-जोडण्यापर्यंतची कामे हीच माणसे हातांनी करीत.

मालकी हा स्वतंत्र विषय आहे. मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस कंपनीचा, गाड्या चालवणार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, असा मूळ करार. ती रेल्वे १९२५ मध्ये सरकारकडे आली व १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली; हा मार्ग मात्र खाजगी मालकीचाच राहिला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आधी यवतमाळ व मागाहून अचलपूर बाजूची गाडी थांबली. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१६ मध्ये, रुंदमापी रूपांतरासाठी सु. १,५०० कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी मिळाली. यवतमाळसाठी वर्ध्याकडून वेगळा रुंदमापी मार्ग बांधला जात असून त्याचा वर्धा–कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला आहे. बनोसा त्या मार्गावर येत नाही.