हळद ‘जोडीला’ आणि हळद ‘ऐवजी’: सांधेदुखीतले दोन वेगळे निर्णय

गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या घरात हळदीच्या कॅप्सूलची बाटली आली की दोनपैकी एक वाक्य कानावर येतं. ‘गोळीच्या जोडीला हळदीची कॅप्सूल पण घेते मी’, किंवा ‘गोळी बंदच केली, आता हळदीवर आहे’. ऐकणारा दोन्हीला सारखीच मान डोलावतो. हळदच तर आहे, तिने काय होणार! पण पहिल्या वाक्यात दोन औषधं एकाच वेळी शरीरात फिरताहेत, आणि दुसऱ्यात एक औषध उठून गेलंय. जोडीला घेताना विचारायचं असतं की या दोघांचं आपसात जमतं का. ऐवजी घेताना विचारायचं असतं की गेलेलं औषध जे काम करत होतं, ते सगळं नवं औषध करतं का. या दोन प्रश्नांची गल्लत झालेली मला फार वेळा दिसते, आणि त्यातली एक गल्लत सांधे कायमचे वाकडे करू शकते.

आधी गोळीचं, म्हणजे पेनकिलरचं, काम बघू. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही सगळी एकाच घराण्यातली. जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं की ॲस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती थांबवतं. त्या कामासाठी 1982 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. सांध्यात सूज आणि ठणका आणणारी ही द्रव्यं तिकडे जठराच्या आतल्या अस्तराची राखणही करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून गुडघा शांत होतो तेव्हाच पोटात जळजळ सुरू होते, आणि म्हणूनच डॉक्टर पेनकिलरबरोबर पित्ताची गोळी लिहून देतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल, तर हीच पेनकिलर किडनीवर तिसरा भार टाकते.

आता हळदीतलं करक्युमिन. बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक असतो, पण माझ्या मते तो दिशाभूल करतो. सुजलेल्या सांध्यात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढलेले असतात हे खरं. त्यांना नुसतं निष्प्रभ करून गुडघा बरा होत असता, तर व्हिटॅमिन ई ने तो कधीच बरा झाला असता. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांना दोन वर्षं व्हिटॅमिन ई देऊन बघितलं. 2002 मध्ये निकाल आला, तेव्हा ना कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या मऊ गादीची, झीज थांबली होती, ना दुखणं कमी झालं होतं. करक्युमिनने जो काही आराम पडतो, तो बहुधा त्याच्या दुसऱ्या गुणामुळे: पेशींमध्ये दाहाचा हुकूम सोडणारे जे रासायनिक संकेत असतात, त्यांना ते दाबतं. म्हणजे अँटिऑक्सिडंट आणि दाहशामक हे दोन गुण एकाच पदार्थात असू शकतात, पण एक असला की दुसरा आलाच असं नाही. डाळिंब, ग्रीन टी, आवळा अशा सगळ्यांना ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे सांध्यांना चांगलं’ म्हणून विकलं जातं, तिथे हा फरक हटकून विसरला जातो.

सुदैवाने ‘ऐवजी’ आणि ‘जोडीला’ हे दोन्ही प्रश्न महाराष्ट्रातल्या एकाच संशोधकगटाने वेगवेगळे तपासले, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. 2019 मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या 139 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना 500 मिलिग्रॅम करक्युमिन दिवसातून तीनदा, निम्म्यांना डायक्लोफेनॅक 50 मिलिग्रॅम दोनदा, असे 28 दिवस. दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. पित्ताची गोळी मात्र डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांपैकी 28 टक्क्यांना लागली, करक्युमिनवाल्यांपैकी एकालाही नाही. पुढच्याच वर्षी 140 रुग्णांवर जोडीचा अभ्यास आला: एका गटाला नुसतं डायक्लोफेनॅक, दुसऱ्याला त्याच मात्रेत डायक्लोफेनॅक आणि सोबत करक्युमिन. जोडी घेणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालं, वरून आणखी वेदनाशामक 3 टक्क्यांनाच लागलं. नुसत्या डायक्लोफेनॅकवर असलेल्यांत ते प्रमाण 17 टक्के होतं.

आकडे सुखावणारे आहेत. पण पहिल्या अभ्यासात आपण काय घेतोय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि वेदनेचं मोजमाप तर रुग्णाच्या सांगण्यावरच चालतं. शिवाय 28 दिवस म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यात काहीच नाही. थायलंडमध्ये 73 रुग्णांवर तीन महिने डायक्लोफेनॅकच्या जोडीला करक्युमिन किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, दिली गेली. तिथे करक्युमिनकडे थोडा कल दिसला, पण ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. त्यामुळे गुडघ्याच्या झिजेपुरतं मी इतकंच म्हणेन: थोड्या काळासाठी दोन्ही वाटा वाजवी आहेत. ज्याचं पोट पेनकिलरला साथ देत नाही, त्याने डॉक्टरांशी बोलून ‘ऐवजी’चा विचार जरूर करावा.

आमवाताची गोष्ट मात्र निराळी, आणि इथे मला कळकळीने थांबावंसं वाटतं. झिजेच्या संधिवातात कूर्चा घासते. आमवातात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यावर चालून येते, सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात, आणि वेळेत आवर घातला नाही तर हाडं कुरतडली जातात. या आजारात पेनकिलर फक्त ठणका झाकते. सांधा वाचवते ती मेथोट्रेक्सेटसारखी गोळी, जी बहुतेकांना आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. 2012 मध्ये आमवाताच्या 45 रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. एका गटाला करक्युमिन, दुसऱ्याला डायक्लोफेनॅक, तिसऱ्याला दोन्ही. करक्युमिनच्या गटात सुधारणा सर्वांत चांगली दिसली, आणि दोन्ही एकत्र घेणारे त्यांच्या पुढे गेले नाहीत. हे वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्या गोळ्या सोडू. पण तिथे तुलना पेनकिलरशी होती, मेथोट्रेक्सेटशी नव्हती. मूठभर रुग्णांवर आठ आठवडे चाललेल्या अभ्यासातून हाड कुरतडणं थांबलं का, हे कळूच शकत नाही. आमवातात ‘हळद ऐवजी’ चालेल ती फार तर पेनकिलरच्या ऐवजी, आणि तीही डॉक्टरांना सांगून. मेथोट्रेक्सेटच्या ऐवजी कधीच नाही. सूज उतरली, बोटं वळायला लागली म्हणून ती गोळी परस्पर बंद करणाऱ्यांना आधी बरंही वाटतं; सांध्याचं नुकसान तोवर मुकाट्याने चालू असतं.

‘जोडीला’चे धोके वेगळे. करक्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की 2 ग्रॅम करक्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसाच्या शरीराला मिळणारं करक्युमिन 2000 टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हा आकडा हमखास असतो. त्याच पायपरिनमुळे इतर काही औषधंही रक्तात जास्त साठतात, फिट्ससाठीचं फेनिटोइन त्यांपैकी एक, हे मात्र जाहिरातीत नसतं. करक्युमिनमुळे रक्त गोठण्याची क्रियाही मंदावू शकते. वॉरफॅरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असणाऱ्याने, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्याने, बाटलीची गोष्ट लपवू नये. अमेरिकेत 2022 मध्ये हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. असं क्वचितच घडतं, पण कॅप्सूल चालू असताना डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी ती थांबवून डॉक्टर गाठावा.

फोडणीतल्या हळदीशी याची सांगड घालू नका. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे 2019 च्या अभ्यासातली दिवसाची मात्रा भरून काढायला 50 ग्रॅम हळद खावी लागेल. चिमूटभर हळद आपल्या जेवणात पिढ्यान्‌पिढ्या आहे म्हणून कॅप्सूलही निर्धोक, हा युक्तिवाद या हिशेबापुढे टिकत नाही. उलट अंगाने, रात्री हळद घातलेलं दूध घेतल्याने औषधं बिघडतील अशी भीतीही बाळगायला नको.

जोडीला घ्यायचं ठरलंच, तर दवाखान्यात जाताना पेनकिलरची स्ट्रिप आणि हळदीची बाटली दोन्ही पिशवीत टाका, आणि पेनकिलरची मात्रा कमी करता येईल का हे स्पष्ट विचारा. पेनकिलर तेवढीच चालू राहिली, तर तिचा पोटावर आणि किडनीवर पडणारा भार हटला असं मानता येत नाही. मात्रा उतरवायला डॉक्टरांनी संमती दिली, तर महिनाअखेरीस स्ट्रिपमध्ये किती गोळ्या उरल्या ते मोजा. आधी दहा गोळ्यांची स्ट्रिप पाच दिवसांत संपायची आणि आता दुखणं न वाढता दहा दिवस पुरत असेल, तर जोडीला घेतलेली हळद तुमच्या शरीरात काहीतरी काम करते आहे असं मानायला जागा आहे.