जॉन्सनचा ॲबिसिनिया आणि ब्रूसचा ॲबिसिनिया

अठराव्या शतकातल्या इंग्रजी साहित्यावर आफ्रिकेची छाप कुठे दिसते, असा विषय निघाला की दोन पुस्तकांची नावं हटकून येतात आणि हटकून एकमेकांत मिसळतात. एक, सॅम्युअल जॉन्सनची ‘रासेलस’ ही ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजपुत्राची कथा. दुसरं, जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने लिहिलेलं नाईलच्या उगमाच्या शोधाचं वर्णन. ब्रूस जाऊन आला आणि त्याचं वाचून जॉन्सनने कथा रचली, असा अनेकांचा समज असतो. क्रम नेमका उलटा आहे. ‘रासेलस’ १७५९ची. ब्रूस तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरला १७६९ साली, आणि त्याचे पाच खंड निघाले १७९० मध्ये. तोवर जॉन्सनला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग जॉन्सनला ॲबिसिनिया भेटला कुठून? त्याची वाट गोव्यातून जाते. जेरोनिमो लोबो हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री १६२२ साली गोव्यात पोहोचला आणि पुढे दीवहून निघून १६२५ मध्ये ॲबिसिनियात शिरला. (हबश म्हणजेच ॲबिसिनिया. लोबो हिंदुस्थानातून तिकडे जायच्या खटपटीत होता तेव्हा तिथेच जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इकडे निजामशाहीचा कारभार हाकत होता. आपल्याकडचा ‘हबशी’ हा शब्द त्याच देशाचा.) तिथल्या बादशहाने पुढे जेझुइटांना हाकलून लावलं, पण लोबोची हकीकत मागे राहिली. १७२८ मध्ये तिचा फ्रेंच अनुवाद निघाला आणि तो बर्मिंगहॅममध्ये पंचविशीच्या, कफल्लक जॉन्सनच्या हाती पडला. त्याने काम घेतलं खरं, पण अंगात उत्साह नव्हता. अंथरुणात पडल्या पडल्या समोर ते जाडजूड पुस्तक धरून तो तोंडी इंग्रजी सांगे आणि त्याचा मित्र हेक्टर लिहून घेई. १७३५ मध्ये पुस्तक निघालं. मोबदला पाच गिनी.

प्रस्तावनेत त्याने लोबोची पाठ थोपटली ती एका खास कारणासाठी. या माणसाला नजरेने जीव घेणारे साप भेटत नाहीत, त्याच्या मगरी भक्ष्य खाताना आसवं गाळत नाहीत, त्याचे धबधबे आसपासच्या लोकांना बहिरं करत नाहीत. प्रवासवर्णन खरं की खोटं, याची जॉन्सनची कसोटी इथेच ठरली: मनाला पटेल ते खरं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ब्रूसचा न्याय याच कसोटीवर झाला.

लोबोचा अनुवाद निघाल्यावर चोवीस वर्षांनी जॉन्सनची आई वारली. उत्तरकार्याचा खर्च भागवायला जॉन्सनने आठवडाभराच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ लिहून काढली, तेव्हा तो जुना ॲबिसिनिया वर आला. नायकाचं नावच बहुधा लोबोकडून आलं: बादशहा सुसेन्योसचा भाऊ रास सेला क्रिस्तोस. त्यातला ‘रास’ हा मुळात सरदारकीचा किताब. तो नावाला असा चिकटला की इंग्रजी वाचकाला जोड दिसतही नाही. राजपुत्रांना कोंडून ठेवायची ती सुखाची दरीसुद्धा हवेतून आलेली नाही. गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजपुत्रांना उंच, सपाट माथ्याच्या, चहूबाजूंनी तुटलेल्या डोंगरावर नजरकैदेत ठेवायची रीत तिथे खरोखर होती. अशा डोंगराला तिथे ‘अंबा’ म्हणतात. सह्याद्रीतला किल्ला चढलेल्या माणसाला त्याचा आकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दोन्हीकडचा दगडही एकाच जातीचा, लाव्हा थिजून झालेला. जॉन्सनने त्या उघड्याबोडक्या डोंगराची दरी केली, तिच्यात तळं, बाग, गाणंबजावणं भरलं आणि मग विचारलं: सगळं मिळूनही माणूस सुखी का नाही?

म्हणजे जॉन्सनचा ॲबिसिनिया हा प्रश्न विचारण्यासाठी उभारलेला देश आहे. तिथे वास नाही, चव नाही, बाजारातली गडबड नाही. पण एक मोठी गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. युरोपात माणसांचा गुलाम म्हणून बाजार मांडला जात होता त्या काळात त्याने जगण्यावर सर्वांत खोल विचार करणारी माणसं म्हणून आफ्रिकेतला राजपुत्र, त्याची बहीण आणि इम्लाक हा कवी निवडले. त्यांचा रंग, त्यांचं वेगळेपण हा विषयच नाही. ते माणूस आहेत, एवढं पुरेसं आहे.

ब्रूसचा ॲबिसिनिया याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे नावं आहेत: रास मिखाएल, राणीमाता मेंतेवाब, राजधानीचं गोंदर शहर, वाड्यात पसरलेली देवीची साथ आणि त्या मुलांवर औषधोपचार करणारा परका ब्रूस. अक्सूम या जुन्या शहराजवळ त्याने तीन शिपाई एक गाय हाकत नेताना पाहिले. त्यांनी तिला आडवी पाडली, मागच्या भागाचे मांसाचे दोन तुकडे कापून घेतले, कातडं परत ओढून टाचलं, वर चिखल थापला आणि गाय पुढे हाकली. १७७४ मध्ये लंडनला परतल्यावर त्याने हे सांगितलं आणि लोक हसले. पुढच्या वर्षी जॉन्सन त्याला भेटला. त्याचंही मत फारसं अनुकूल झालं नाही. जो कधी गेलाच नाही त्याच्या ॲबिसिनियावर लोकांचा विश्वास आणि जो दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिला तो थापाड्या! पुढच्या प्रवाशांनी ब्रूसच्या पुष्कळ गोष्टींना दुजोरा दिला.

तरी ब्रूसचं सगळं मान्य करता येत नाही. नाईलच्या उगमाशी पोहोचलेला पहिला युरोपीय आपणच, हा त्याचा दावा खोटा. गोव्याहूनच गेलेला जेझुइट पाद्री पेद्रो पाएझ १६१८ मध्ये तिथे जाऊन आला होता. ब्रूसने त्याला खोटं ठरवायचा आटापिटा केला. सोबतचा इटालियन चित्रकार बालुगानी उगमाशी हजर होता. त्याचं तिथलं नाव ब्रूसने गाळलं. आणि तो उगम निळ्या नाईलचा. पांढरी नाईल वेगळी, ती व्हिक्टोरिया सरोवरातून येते आणि दोघी खार्टूमला मिळतात.

४ नोव्हेंबर १७७०. गीशच्या टेकडीवर वाटाड्याने उगम दाखवला. ती जागा स्थानिकांना पवित्र, म्हणून ब्रूसने पायातले जोडे काढले आणि फुलांनी भरलेल्या उतारावरून धावत सुटला. वर आलेल्या कंदांना अडखळून दोनदा जोरात पडला. दलदलीतल्या हिरव्या गवताच्या त्या चौथऱ्याशी उभा राहून त्याने नारळाच्या करवंटीतून उगमाचं पाणी इंग्लंडच्या राजाच्या नावाने प्यायलं. मग थोड्याच वेळात त्याला उदासीनं घेरलं. एवढ्यासाठी आलो होतो? हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचताना मी इथे दर वेळी थांबतो. वस्तू मिळाली की मन रितं होतं, हे रासेलसचं दुखणं त्या ओल्या गवतावर ब्रूसला प्रत्यक्ष भोगावं लागलं.

ब्रूस परतताना गीझ या इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेतली हस्तलिखितं घेऊन आला. त्यांत हनोखचा ग्रंथ या प्राचीन यहुदी धर्मग्रंथाच्या तीन प्रती होत्या. युरोपने जवळजवळ गमावलेला हा ग्रंथ इथिओपियाच्या चर्चने पूर्ण जपला होता. १८२१ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं.

दोन्ही ॲबिसिनिया पुढे एका कवितेत एकत्र आले. इंग्रज कवी कोलरिजच्या ‘कुब्ला खान’मध्ये तंतुवाद्य वाजवणारी ॲबिसिनियन मुलगी एका डोंगराचं गाणं गाते. कोलरिज ब्रूसचा वाचक होता. छापील कवितेत त्या डोंगराचं नाव ‘अबोरा’ आहे. त्याच्या हातच्या प्रतीत मात्र ‘अमारा’ आहे, राजपुत्रांना कोंडायचा तोच डोंगर.